तुंगकुंट्याची मरळ

तुंगकुंटा एका सकाळीत मेला नाही, हेच हिम्मतरावाचं दुखणं होतं. त्याने काही कसर ठेवली नव्हती. हैदराबादचं अंबरपेठ मागे टाकून मुशी ओलांडली, की अपार्टमेंटांच्या गर्दीत हे तळं, तिकडच्या बोलीत कुंटा, अजून कसंबसं जीव धरून आहे. तीन बाजूंना इमारतींच्या पाठी, चौथ्या बाजूला बांधासारखा जुना मातीचा कट्टा, आणि ज्याच्यावरून तळ्याला नाव पडलं ते तुंग नावाचं पुरुषभर उंच गवत काठाकाठाने. त्या पाण्यात हिम्मतरावाच्या माणसांनी ब्लीचिंग पावडरची पोतीच्या पोती ओतली. सकाळी रेणुका टीचर कट्ट्यावर आली तेव्हा तिला पाणी दिसलंच नाही, नुसती माशांची पांढरी पोटं दिसली.

काही मासे अजून मरत होते. मोठाले कटले तोंडं वासून काठाच्या चिखलात अंग आपटत होते. घारी झडप घालून त्यांना उचलत होत्या, बगळे जिवंत माशांचे डोळे टोचत होते आणि कुत्र्यांची तर चंगळ झाली होती. एवढं अन्न पसरलेलं असूनही दोन कुत्री एकाच माशावरून भिडली, आणि एकाने दुसऱ्याचा कान मुळापासून फाडला. रेणुका साडीसकट गुडघाभर पाण्यात शिरली आणि हाताला लागेल तो मासा उचलून चांगल्या पाण्याच्या बादलीत टाकू लागली. बादलीतही ते मरतच होते. तिच्या हातांची सालं निघायला लागली तेव्हा तिच्या मुलाने, धम्मानंदने, तिला दंड धरून बाहेर ओढलं.

"मम्मी, बस. हात बघ जरा स्वतःचे."

"सोड मला. त्याला जाऊन आत्ता फोडते."

"फोडायचं नाही. तू शपथ घेतली आहेस माझी."

ही शपथ काय होती ते सांगायला हवं, आणि त्याआधी रेणुकाचा स्वभाव सांगायला हवा. नारायणगुड्याच्या एका मराठी शाळेत ती भूगोल शिकवायची. पोरं तिला 'टुंड्रा टीचर' म्हणत, कारण तिने नुसतं बघितलं तरी मागच्या बाकापर्यंत थंडी पसरायची. पण ही थंडी वरवरची. आतून बाई म्हणजे पेटती चूल. एकदा सिकंदराबादच्या बसमध्ये एका माणसाने शाळेच्या मुलीच्या अंगाला हात लावला, तर हिने छत्री मोडेपर्यंत त्याला बडवला आणि मग मोडक्या छत्रीचे पैसे त्याच्याकडूनच घेतले. नवरा गेल्यावर घर रिकामं करायला आलेल्या दिराला तिने जिन्यावरून ढकललं होतं. हात आधी आणि विचार मागून, ही तिची ख्याती अख्ख्या अंबरपेठेत होती. आणि ही ख्याती हिम्मतरावालाही ठाऊक होती, हे पुढे लक्षात ठेवायचं.

तळ्यावर दर रविवारी ती कॉलनीतली पोरं गोळा करायची. कट्ट्यावरच्या चिंचेला शाळेतला जुना नकाशा टांगायची, 'जगातील नैसर्गिक प्रदेश'. टुंड्रा पांढरा, तैगा काळपट हिरवा, वाळवंट पिवळं, विषुववृत्ताची जंगलं गर्द हिरवी. कुठल्या प्रदेशात किती पाऊस आणि कुठलं पीक, असलं ती कमी सांगायची. तिला आवडायचं ते वेगळंच. टुंड्रात लांडगे आले की कस्तुरीबैल पिल्लांना मध्ये घेऊन गोल कडं करतात, शिंगं बाहेर काढतात आणि जागचे हलत नाहीत. गवताळ प्रदेशात हत्तिणी तेच करतात. प्रदेश बदलला की चारा बदलतो, कातडी बदलते, पण पिल्लांवर कुणी आलं की जे होतं ते सगळीकडे एकच होतं, असं तिचं म्हणणं. पोरं विचारायची, टीचर, आपलं तळं नकाशात कुठल्या रंगात आहे? या प्रश्नाचा तिला राग यायचा, कारण पाणथळ जागांना त्या नकाशात रंगच नव्हता.

हिम्मतरावाला ती जागा हवी होती. त्याचे टिप्पर रोज पाडलेल्या घरांचा मलबा आणून काठावर ओतत होते आणि तळं रोज आत सरकत होतं. पहिली तक्रार कॉलनीतल्या गौतमने केली. रिक्षा चालवणारा साधा माणूस. त्याला रस्त्यात अडवून लोखंडी पाइपने त्याचे दोन्ही गुडघे फोडले. त्यानंतर कॉलनीत कुणाला तळं दिसेनासं झालं. उरले हे दोघं, मायलेक. त्यांनी तक्रार एवढी लावून धरली की शेवटी सरकारी पाहणी ठरली. हिम्मतरावाचं म्हणणं होतं की हे तळं नाहीच, गटाराच्या पाण्याचा मेलेला खड्डा आहे. साहेब येऊन आपल्या डोळ्यांनी बघणार होते. पाणी जिवंत दिसलं तर हद्दीचे खांब रोवले जाणार, मेलेलं दिसलं तर मलबा टाकायला मोकळीक. म्हणून तर ती पोती ओतली गेली. आणि म्हणूनच धम्मानंदने आईकडून शपथ घेतली होती, की पाहणी होईपर्यंत कुणावर हात उचलायचा नाही. तिने हात उचलला असता तर पोलीस तिला उचलणार, आणि साहेबांना पाणी दाखवायला कुणी उरणार नव्हतं.

पण तुंगकुंटा मेला नव्हता. हे त्यांना त्याच दिवशी दुपारी कळलं.

कट्ट्याच्या कोपऱ्यात, जुन्या दगडी मोरीपाशी, कुठून तरी झिरपून स्वच्छ पाणी येतं. तिथे तुंगाच्या मुळांशी पाणी हललं. एक काळं चपटं डोकं वर आलं, सापाचं वाटावं असं. त्याने हवेचा घोट घेतला आणि ते खाली गेलं. रेणुका तिथेच उकिडवी बसली. मरळ! बाकीचे मासे पाण्यातलाच श्वास घेतात, पाणी विषारी झालं की गुदमरतात. मरळ वर येऊन हवा पिते. आणि तिच्या मागोमाग पाण्याखालून एक शेंदरी पुंजका वर आला, मूठभर, मग ओंजळभर, शेकडो नखाएवढी पिल्लं एकमेकांना चिकटून उकळल्यासारखी हलत होती. जोडीतली दुसरी मरळ कडेलाच पोट वर करून पडली होती. ही एकटीच राखणीला उरली होती.

धम्मानंद बघायला वाकला आणि त्याचं बोट पाण्यापाशी गेलं. पाणी फुटलं. मरळीने त्याच्या बोटाचं कातडं ओरबाडून नेलं.

"अय्यो! चावली की मम्मी!"

"चावणारच." रेणुका किती तरी दिवसांनी हसली. "साहेबांना हेच दाखवायचं."

मरळीशी तिची ओळख फार जुनी होती. तिचे वडील तातेराव सिकंदराबादला रेल्वेत होते, पण गाव नांदेडकडचं, गोदाकाठचं. पावसाळ्यात रजा काढून ते गावी जायचे ते मरळीसाठी. त्यांची पद्धत अशी, की गळ टाकायचा तो पिल्लांच्या पुंजक्यात. आधी नदीकाठी पालथं पडून शेंदरी पुंजका शोधायचा. मग जिवंत बेडकी गळाला टोचायची आणि बरोब्बर पिल्लांच्या मधोमध सोडायची. बेडकी तडफडते, पिल्लं उधळतात, आणि मरळ येते. ती भुकेने येत नाही. राखणीतली मरळ काही खात नाही, ती मारायला येते. तातेराव म्हणायचे, भुकेला मासा अर्ध्या वेळा हुलकावणी देतो, रागावलेला मासा कधीच देत नाही. "राग आला की मरळीला गळ दिसत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

छोटी रेणुका एकदा म्हणाली, "बाबा, मग पिल्लांचं काय होतं?"

"पांगतात. आई गळाला लागली की जो तो गवतात पळतो. काही मरतात, काही जगतात."

तातेरावांनी नंतर मासेमारी सोडली. का सोडली ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या प्रश्नानंतर सोडली एवढं खरं.

त्या काठावर आणखी एक पोरगा असायचा. बेडक्या पकडून आणायचा, गळाला टोचायला सगळ्यांच्या आधी पुढे व्हायचा. बेडकी टोचल्यावर ती कशी पाय झाडते ते तो हातात धरून बघत बसायचा. पाटलाच्या वाडीतला, चांगल्या शेतकरी घरचा. तातेरावांच्या घरचं पाणीही त्याला घरून वर्ज्य होतं, पण काठावर भाजलेली मरळ तो त्यांच्याच पानातून खायचा आणि तोंड धुऊन घरी जायचा. तोच हा हिम्मतराव. पुढे तो हैदराबादला आला, आधी विटा, मग वाळू, मग जमिनी असं करत मोठा झाला. रेणुका दिसली की मोठ्याने 'गाववाली' म्हणायचा. पाणी मात्र अजून तिच्या घरचं प्यायला नव्हता.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी तो तिच्या घरी आला. हातात उस्मानिया बिस्किटांचा डबा. डबा त्याने टेबलावर ठेवला, आणि न सांगता बसला.

"हौ टीचर, मी काय दुष्मन हाव का तुमचा? गावचा माणूस मी. तात्याच्या हाताखाली शिकलो."

"काय शिकलात?"

"धीर धरायला शिकलो की." तो हसला. "ते खड्ड्याचं उगं मनाला लावून घेऊ नका. जगात एवढी मोठी जंगलं हाईत, समुद्र हाईत, तुमीच पोट्ट्यांना शिकवता. एक कुंटा बुजला तर काय दुनिया बुडते का?"

"जंगलंही अशीच बुजतात हिम्मतराव. एकेका माणसाला एकेक खड्डा वाटतो."

हिम्मतरावाने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या धम्मानंदकडे. त्याच्यावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, बाजारात बैल बघतात तशी. "पोरगा लई बारीक हाय हो तुमचा. हाडं तर काडीवानी. संभाळा."

रेणुकाचा हात टेबलावरच्या पितळी तांब्याकडे गेला. तांब्याचा गळा तिच्या मुठीत आला. धम्मानंद नुसता "मम्मी" म्हणाला. तिने तांब्या सोडला. हिम्मतरावाने तो हात जाताना बघितला, परत येतानाही बघितला, आणि उठला. त्याला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. बिस्किटांचा डबा तिने त्याच्या पाठीमागे गटारात भिरकावला, तेवढ्याने तिचं काही निवलं नाही.

सकाळी धम्मानंद आधी निघाला. मोरीपाशी मेलेले मासे साचून कुजत होते, साहेब यायच्या आत ते बाजूला करायचे होते. रेणुका नकाशा काखेत मारून मागोमाग आली. आज शाळा नव्हती, पोरंही नव्हती, पण नकाशा तिने सवयीने घेतला होता.

कट्ट्यावर चढली तेव्हा तिला ते दिसलं.

चौघांनी धम्मानंदला धरलं होतं. मोरीच्या अलीकडे, मोकळ्या जागेत, कट्ट्यावरून सरळ दिसेल असं. त्याचा शर्ट फाटला होता आणि ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं. थोड्या अंतरावर मलब्याच्या ढिगाजवळ रिकामा टिप्पर उभा होता, आणि त्याच्या पायरीवर हिम्मतराव बसला होता, गुडघ्यावर मनगट सैल टाकून. त्याच्याशेजारी त्याचा ड्रायव्हर प्रमोद फोन उचलून धरून उभा. फोन धम्मानंदकडे रोखलेला नव्हता, रेणुकाकडे होता. आणि चिंचेपलीकडे, पार गल्लीच्या तोंडाशी, पोलिसांची जीप. कुणी बोलावायच्या आधीच येऊन थांबलेली.

रेणुका पळत सुटली होती. दहा पावलांवर ती थांबली.

एकाने धम्मानंदच्या पोटात गुडघा घातला. घातला आणि रेणुकाकडे बघितलं. दुसऱ्याने केस धरून त्याचं डोकं मागे ओढलं, कानशिलात दिली आणि रेणुकाकडे बघितलं. मारणाऱ्या माणसाचं लक्ष मार खाणाऱ्याकडे असतं. या चौघांचं लक्ष तिच्यावर होतं. ते त्याला मारत नव्हते, ते त्याला तडफडवत होते. आणि पायरीवर बसलेल्या हिम्मतरावाचं ते सैल मनगट तिने ओळखलं. गोदेच्या काठावर, पालथं पडून, दोर बोटात धरून असंच मनगट सैल सोडायचं असतं. तिच्या बापाने शिकवलं होतं ते त्याला.

म्हणजे बेडकी टोचून झाली होती आणि पुंजक्यात सोडून झाली होती. आता फक्त तिने यायचं होतं. तिने एक दगड उचलला की झालं. फोनमध्ये ती, जीपमध्ये ती, आणि पाण्यापाशी कुणी नाही.

"काय टीचर," हिम्मतराव बसल्या जागेवरून म्हणाला, "आज हात दुखायला का?"

तिने नकाशा दोन्ही हातांनी छातीशी धरला. एवढा राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती रागाच्या वर उभी राहिली. एकाने धम्मानंदचा उजवा हात पाठीमागे पिरगळला आणि वर नेत नेत गेला. मोडल्याचा आवाज तिला कट्ट्यावर ऐकू आला. धम्मानंद गुरासारखा ओरडला. मग तो ओरडणं थांबवून, रक्ताची थुंकी टाकत, तिलाच म्हणाला, "मम्मी, नको! मम्मी, शपथ!"

त्यालाही कळलं होतं. एवढा मार खाऊन पोराला कळत होतं, आणि तो आईलाच थोपवत होता. रेणुकाने दात एवढे आवळले की जीभ फाटली. ती हलली नाही.

प्रमोदचा हात अवघडला, त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला. हिम्मतरावाच्या कपाळाला पहिल्यांदा आठी पडली. त्याने नुसती मान हलवली. चौघांनी धम्मानंदला ओढत काठाशी नेलं आणि त्याचं तोंड पाण्यात दाबलं. त्याच विषारी, सडक्या माशांच्या पाण्यात. त्याचे पाय चिखल उडवत राहिले. एकाने त्याच्या मानेवर गुडघा टेकला. वर काढलं, पुन्हा दाबलं. दुसऱ्यांदा पाय आधीपेक्षा कमी हलले.

आता मात्र तिने काहीच ठरवलं नाही, किंवा सगळं एकदमच ठरवलं. पुढे वकिलाने विचारलं तेव्हाही तिला यातलं खरं कुठलं ते सांगता आलं नाही. एवढं तिला स्पष्ट आठवतं की फोन दिसत होता. जीप दिसत होती. नकाशा हातातून गळून पडला, आणि मलब्याच्या ढिगातून तिच्या हाताला काँक्रीटचा एक तुकडा लागला, त्यातून हातभर लोखंडी सळई बाहेर आलेली. कुणाच्या तरी पाडलेल्या घराचा खांब असेल. हिम्मतरावानेच आणून टाकलेला.

मरळ बेडकीला चावते, म्हणून गळाला लागते. रेणुका त्या चौघांकडे गेलीच नाही. ती सरळ दोर धरणाऱ्याकडे गेली.

हिम्मतरावाला हे अपेक्षित नव्हतं. तो पायरीवरून उठेपर्यंत पहिला घाव त्याच्या जबड्यावर बसला. दात तुटून टिप्परच्या पत्र्यावर वाजले. तो एका हाताने पायरी धरून दुसरा हात पुढे करत होता, दुसरा घाव त्या हातावर बसला, त्याच मनगटावर, आणि मनगट खरंच सैल होऊन लोंबलं. तिसऱ्याने त्याचा कान अर्धा सुटला. रेणुका आवाज काढत होती, पण त्यात शब्द नव्हते. प्रमोदने फोन टाकला आणि तिला मागून मिठी मारली, तिने डोकं मागे फेकून त्याचं नाक फोडलं.

"अरे पोट्ट्यांनो! इधर मरो रे! मारली की मला!" हिम्मतराव रक्ताच्या तोंडाने ओरडला.

आणि चौघांनी धम्मानंदला सोडलं. मालक मरतोय म्हटल्यावर दुसरं काय करणार? चौघे धावत आले. एकाची लाथ रेणुकाच्या बरगड्यांत बसली, एकाने तिच्या पाठीवर पाइप घातला, ती पडली आणि पडल्या जागी त्यांनी तिला तुडवली. तिने डोकं दोन्ही हातांत घेतलं. हातांच्या फटीतून तिला काठ दिसत होता. काठावर धम्मानंद पालथा पडला होता. मग तो हलला. कोपरावर उठला, ओकला, आणि मोडका हात ओढत रांगत तुंगात शिरला. उंच गवत त्याच्यामागे मिटलं. तिथे कुणी होतं असं वाटू नये, एवढं स्वच्छ मिटलं.

हिम्मतराव इतकी वर्षं गळ टाकत होता, पण गळाला मासा लागल्यावर पिल्लांचं काय होतं हे त्याने कधी मागे वळून बघितलंच नव्हतं. ते त्याने तिला विचारायला हवं होतं.

पोलीस आले ते सावकाश, चालत. हिम्मतरावाला त्याच्या माणसांनी कारमध्ये घालून नेलं, जाताना तो तुटक्या जबड्याने काही तरी सांगत होता आणि कुणाला कळत नव्हतं. रेणुकाला जीपच्या मागच्या बाकावर बसवलं. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता, साडीवर रक्त होतं. आपलं किती आणि त्याचं किती ते तिलाही कळत नव्हतं. शेजारी तारामती नावाची कॉन्स्टेबल बसली, बोधनकडची, मराठी बोलणारी.

जीप निघणार तेवढ्यात समोरून पांढरी गाडी गल्लीत शिरली आणि वाट अडली. पाहणीचे साहेब. गल्ली एवढी अरुंद की कुणीतरी मागे घेतल्याशिवाय कुणालाच हलता येईना. प्रमोद नाकाला रुमाल लावून गाडीच्या दाराशी धावला. तो काय सांगतोय ते रेणुकाला ऐकू येत नव्हतं, पण त्याचा हात आधी जीपकडे गेला, मग पाण्याकडे, आणि मग त्याने तो नाही नाही असा हलवला. साहेब उतरले. त्यांनी नाकाला रुमाल लावला. पांढरी पोटं बघितली, कुत्री बघितली, आणि ते परत वळले.

रेणुकाने जीपच्या जाळीत बोटं अडकवली. झालं, असं तिच्या मनात आलं. मी गळाला लागले आणि तळं गेलं. तिला स्वतःची शिसारी आली.

मग तुंग हललं. गवतातून एक माणूस बाहेर आला. चिखलाने माखलेला, एक हात नको तिथून वाकलेला, तोंडाला सूज. साहेब दचकून थांबले. प्रमोद त्याच्या अंगावर गेला, पण साहेबांसमोर त्याला हात लावता येईना.

"सर," धम्मानंद म्हणाला. त्याचा आवाज जीपपर्यंत येत होता, एवढ्या जोराने तो बोलत होता. "इकडं या सर. एक मिनिट. तळं मेलेलं नाही."

मोरीपाशी तो गुडघ्यांवर बसला. साहेब नाइलाजाने वाकले. काही दिसत नव्हतं वाटतं, कारण ते आणखी वाकले, हात गुडघ्यावर टेकून, चेहरा पाण्याजवळ नेऊन. मग त्यांनी काही तरी विचारत बोट पुढे केलं. पाणी फुटलं. साहेब ओरडून मागे उडाले आणि आपल्या स्वच्छ पँटसकट चिखलात बसले. त्यांच्या बोटातून रक्त येत होतं. ते बोटाकडे बघत राहिले, मग पाण्याकडे, आणि मग पुन्हा, या वेळी सांभाळून, वाकले. बराच वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा त्यांनी आधी बोट टिप्परकडे केलं आणि प्रमोदला त्यांनी जे सांगितलं, त्यानंतर तो स्वतःच चढून टिप्पर मागे घ्यायला लागला.

पांढरी गाडीही बाजूला झाली. जीप सुरू झाली. तारामतीने रुमाल काढून रेणुकाच्या हातात दिला.

"टीचर, एक विचारू? एवढा फोन तोंडासमोर धरला होता. जीप उभी होती. तुमाला दिसलं नाही का?"

"दिसत होतं."

"मग कायकू मारलं? नोकरी जाईल की आता. जामीन बी लवकर मिळायचा नाही."

रेणुकाने उघड्या राहिलेल्या डोळ्याने मागे बघितलं. धम्मानंद पाण्याशीच बसला होता, कुणी तरी त्याच्या हाताला फडकं बांधत होतं.

"माझे बाबा म्हणायचे, राग आला की मरळीला गळ दिसत नाही." फाटलेली जीभ नीट हलत नव्हती. "चुकलं त्यांचं. तिला दिसतो."

तारामतीला काही कळलं नाही, पण तिने मान हलवली. जीप मुशीच्या पुलावर आली. बाबा असते तर हे त्यांना सांगितलं असतं, असं रेणुकाला वाटलं, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.